आजोळचा वारसा आणि आपले कान

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहोत. त्यात त्सुकुबा म्हणजे शास्त्रज्ञांचं गाव, त्यामुळे चुकलं तर कान धरायला इथे बरेच जण आहेत! तरीही वाचून, विचारून जे समजलं ते साध्या शब्दांत मांडतो आहोत, कारण विषय घरोघरचा आहे.

"आमच्या घराण्यात ऐकू कमीच येतं" असं आपण सहज म्हणून जातो. पण घराणं म्हणजे नेमकं कोण? कानाच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

ऐकण्याचं खरं काम चालतं ते आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत. तिथे सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाची थरथर ओळखून त्या मेंदूकडे संदेश पाठवतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आता जपानचीच गोष्ट घ्या. १९५० पर्यंत इथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं क्षयरोग. १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने असंख्य जीव वाचवले, पण कित्येकांचे कानही नेले. इतके, की जपानीत त्याला 'सुतोमाइ नान्चो' (स्ट्रेप्टोमायसिनचं बहिरेपण) असं नावच पडलं. मोठ्या मात्रेत हे औषध कोणाच्याही कानाला घातक ठरू शकतं. पण काही घरांत थोडक्याच इंजेक्शनांनी बहिरेपण यायचं, आणि तेही आईच्या बाजूने.

याचं कारण १९९३ मध्ये उलगडलं. आपल्या पेशींतली ऊर्जाकेंद्रं म्हणजे मायटोकाँड्रिया. त्यांचा स्वतःचा १६,५६९ अक्षरांचा छोटासा 'कोड' असतो. त्यातल्या १५५५ व्या जागी काहींच्यात 'ए' ऐवजी 'जी' हे अक्षर असतं. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं जंतूंच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात. या एका अक्षराने आपली यंत्रणा जंतूंसारखी दिसू लागते आणि औषध तिच्यावरच उलटतं. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा प्रोग्राम एका ठराविक इनपुटवर कोसळावा, तसंच हे. अर्थात हा बदल असलेला प्रत्येक जण बहिरा होतो असं नाही, आणि काहींना औषधाशिवायही पुढे कमी ऐकू येऊ लागतं.

मायटोकाँड्रिया फक्त आईकडून मिळतात. म्हणजे आजीकडून आई, मामा, मावशी सगळ्यांकडे. पुढे मावशीच्या मुलांत हा वारसा जातो, मामाच्या मुलांत नाही. काका-आत्यांचा इथे संबंध नाही.

जन्मजात बहिरेपणाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात बरेचदा 'कनेक्सिन २६' या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, आणि तो आई-वडील दोघांकडून आला तरच बाळाला त्रास होतो. जवळच्या नात्यात लग्न झालं की तोच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे, म्हणून हे ठाऊक असलेलं बरं. जपानमध्ये जन्मजात बहिरेपणाची जनुकीय चाचणी २०१२ पासून आरोग्य विम्यात बसते.

मग आपण करायचं काय? इथल्या दवाखान्यात गेलं की हातात 'मोन्शिन्ह्यो' म्हणजे माहितीचा फॉर्म पडतो. आईच्या बाजूला कोणाचे कान इंजेक्शनांनंतर गेले असतील तर ते त्यात लिहा. 'ओकुसुरी तेचो' या औषधांच्या वहीतही नोंदवा आणि डॉक्टरांना चाचणीबद्दल विचारा. भारतातल्या नातेवाइकांनाही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये क्षयासाठी कॅनामायसिन नको असं सुचवलं, पण याच कुळातली अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं गंभीर जंतुसंसर्गात आजही लागतात, अगदी नवजात बाळांनासुद्धा. जीव वाचवणारं औषध आपल्या मनाने नाकारू नका. फक्त माहिती आधी द्या, म्हणजे दुसरं औषध चालेल का, हे डॉक्टरांना ठरवता येईल.

गेलेले कान परत आणता येत नाहीत, पण पुढच्या पिढीचे वाचवता येतात. त्यासाठी लागणारी पहिली चाचणी फुकट आहे. या रविवारी घरी फोन लावाल तेव्हा आईला एवढंच विचारा, "आजोळी कोणाला ऐकू कमी यायचं गं? आणि ते कशानं झालं?"