पखवाज ऐकू येतोय का?

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या देवळाली प्रवरात रात्र शांत अशी राहत नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं धडधडत जातात. इंजिनाचा आवाज कमी पडतो की काय, म्हणून वर मोठाले स्पीकर लावून गाणी. मी घरी बसून कीर्तनांच्या रेकॉर्डिंगचं एडिटिंग करते. नगर जिल्ह्यात सप्त्यांना तोटा नाही आणि हल्ली कीर्तन यूट्यूबवर गेल्याशिवाय सप्ता पुरा होत नाही, त्यामुळे कामालाही तोटा नाही. महाराजांचा शब्द रेकॉर्डिंगमध्येच तुटलाय की बाहेरच्या ट्रॅक्टरनं गिळलाय, हे कळायला क्लोज्ड-बॅक हेडफोन लागतो. तो कोणता घ्यावा, असं मंडळातली पोरं विचारतात. बजेट ठरलेलं असतं, आठ ते पंधरा हजार.

क्लोज्ड-बॅक म्हणजे कानावरच्या वाटीची पाठ बंद. ओपन-बॅकमध्ये तिथं जाळी असते. जर्मनीच्या सेनहायझरनं १९६८ साली एचडी ४१४ हे मॉडेल काढलं, तेव्हापासून तो प्रकार लोकप्रिय झाला. ओपन-बॅकचा आवाज मोकळा लागतो, गाणारा समोर बसल्यासारखा, पण आतलं बाहेर जातं नि बाहेरचं आत येतं. शांत खोली असेल त्यानं जरूर घ्यावा. गायकाच्या कानात तो चढवून माइकसमोर उभं केलं, तर ट्रॅकवरची पेटी पुन्हा माइकमध्ये शिरते. स्टुडिओत गाणाऱ्याला बंद पाठीचा देतात तो यासाठीच.

पण बंद पाठ म्हणजे बाहेरचा आवाज बंद, असं दुकानदार सांगतात ते अर्धंच खरं. बोलणं, हॉर्न, मिक्सरची किरकिर असे वरच्या पट्टीतले आवाज चांगले अडतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाची खालची घरघर बरीचशी आत येतेच. ती खाण्याचं काम नॉइज कॅन्सलिंगचं. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीनं वैतागलेल्या अमर बोस यांना ही कल्पना सुचली. बाहेरचा आवाज माइकनं टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडायची. एसटीच्या प्रवासाला ते उत्तम. एडिटिंगला मी ते घेणार नाही. ब्लूटूथवर आवाज मागाहून येतो, टाळकऱ्याचे हात आधी मिटतात आणि टाळ नंतर वाजतो. शिवाय आतली यंत्रणा आवाजाला आपला रंग चढवते, आणि मला तर रेकॉर्डिंगचाच रंग बघायचा असतो.

किमतीइतकंच महत्त्व आहे पॅड कानाभोवती नीट बसण्याला. एकदा सासूबाईंना एक कीर्तन ऐकवायला हेडफोन दिला. दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, "अगं, यातला पखवाज कुठं गेला?" पखवाज जागेवरच होता. चष्म्याची काडी पॅडखाली आडवी आली होती, कानातले वेल मध्ये आले होते आणि त्या फटीतून खालचा आवाज निसटत होता. "आई, जरा दाबून धरा," म्हटलं नि मी दोन्ही वाट्या तळव्यांनी दाबल्या. त्यांचा चेहराच बदलला. "आला गं, आला!" फट पडली की आधी जातो तो खर्जातला आवाज. म्हणून हेडफोन बघायला जाताना रोजचा चष्मा, रोजची कर्णफुलं, रोजचा अंबाडा तसाच ठेवून जावं. पखवाज येत नसेल तर हेडफोन कितीही नावाजलेला असो, आपल्या डोक्याचा नाही.

ऐकायलाही आपलंच काहीतरी न्यावं. दुकानात लावतात ती गाणी धमाकेदार बेससाठीच निवडलेली असतात. मी कीर्तनाचा एक तुकडा मोबाइलमध्ये ठेवते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते, त्याचा घुमारा गोल यावा आणि लगेच थांबावा. तो पसरून महाराजांच्या शब्दांवर सांडत असेल तर बेस फुगवलेला आहे. मग टाळ. अनेक टाळ एकत्र वाजताना त्यांचा नुसता पत्र्यासारखा चुरा होत असेल किंवा कानात सुई टोचल्यासारखं होत असेल, तर वरचा भाग बिघडलेला. शेवटी 'विशेष', 'संतसंग' असे सकार-शकार. ते सळसळले की दोन तासांत डोकं दुखायला लागतं.

आता नावं. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओत आहे. ६३ ओहम, वजनाला साधारण २३० ग्रॅम, टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर. वायर निघत नाही, तुटली तर सोल्डरिंगवाला गाठावा लागतो. वरचा भाग थोडा उठावदार, त्यामुळे श्वास, ओठांचा चटका, माइकला लागलेलं उपरणं, सगळं लख्ख दिसतं. आनंदासाठी ऐकायला मला तो कोरडा वाटतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स जास्त समतोल. त्याची वायर काढता येते, आणि बोलण्या-गाण्याच्या कामाला मी आधी त्याचंच नाव सांगते. त्याच्या थोरल्या भावाचा, एम५०एक्सचा, बोलबाला फार आहे. बेस थोडा चढा, बांधणी मजबूत, पण कीर्तनासाठी वरचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. सेनहायझर एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो, असा कंपनीचा दावा आहे. अडवतो खरा, पण डोकंही चांगलंच आवळतो.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घेताना खोक्यावरचा ओहमचा आकडा वाचा. हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, आणि सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून २५०चा उचलला तर मोबाइलवर तो कुजबुजतो. पंपाला दाब नसला की ठिबकच्या शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही, तसंच हे. मोबाइल आणि टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर असेल तर ३२ ते ६४ ओहमच्या आसपास राहा. ऑडिओ इंटरफेस असेल तर ८०चा निवांत चालतो. याचा टाळ मात्र झणझणीत, वरची बाजू थोडी उतरवूनच मी तो ऐकते.

आवाजाच्या बटणाबद्दलही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज तीन डेसिबलनं वाढला की मुभा निम्म्यावर येते. बाहेर गोंगाट असला की आपण नकळत बटण चढवतो. बंद पाठीमुळे ते चढवावं लागत नाही, हा तिचा खरा फायदा, आणि जाहिरातीत तो क्वचितच सापडतो.

खरेदीला पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फेरी मारता आली तर उत्तम, डोक्यावर चढवून तरी बघता येतो. ऑनलाइन घेणार असाल तर भारतातल्या वॉरंटीचं बिल मागा. एम५०एक्सच्या नकला इतक्या हुबेहूब निघतात की खोक्यावरून ओळखू येत नाहीत. आणि पत्त्यात 'प्रवरा' ठळक लिहा, नाहीतर पार्सल नाशिकच्या देवळालीला फिरून येतं.

राहिला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये रेग्झिनच्या पॅडखाली कान उकडून निघतात आणि घामानं ते पॅड सोलायला लागतात. डीटी ७७०च्या करड्या मखमली पॅडखाली बरं वाटतं, पण त्यात आमच्याकडची धूळ अडकते, झटकत राहावं लागतं. पॅड सोलले म्हणून हेडफोन मोडीत काढू नका. ७५०६चे नवे पॅड जोडीनं मिळतात, जुने ओढून काढायचे आणि नवे कडेनं खाचेत बसवायचे, कारागीर लागत नाही. फक्त बदलायला उशीर करू नये, त्याचा काळा चुरा कानामागं चिकटतो आणि घासल्याशिवाय निघत नाही.