कडेवरचं नाव

लष्करी पदक हातात आलं की नवखा माणूस आधी राजाचं किंवा राणीचं तोंड बघतो, मग उलटं करून मागचं चित्र. जाणकार ते चिमटीत धरतो, दिव्याकडे तिरकं करतो आणि सावकाश फिरवत त्याची कड वाचतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदकाची किंमत तिथून सुरू होते.

हे मी पुण्याच्या जुन्या बाजारात शिकलो. बुधवार-रविवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या त्या बाजारात कुलपं, पितळी नळ आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात एक काळवंडलेलं गोल पदक पडलं होतं. पुढे पंख असलेली विजयदेवता, मागे १९१४ ते १९१९ ही सालं. मी ते उलटसुलट करून परत ठेवायला लागलो, तर दुकानदार म्हणाला, ''काका, कडेला बघा, कायतरी लिवलंय.'' अंगठ्याने मळ पुसला. नंबर होता, हुद्दा शिपायाचा होता, नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लागत होती, पुढचं झिजलं होतं. शेवटी मात्र स्पष्ट वाचता आलं: ११७ मराठाज.

११७ वी मराठा पलटण पहिल्या महायुद्धात सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये गेली. ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्या पलटणीतल्या एका शिपायाचं पदक स्क्रूच्या डब्याशेजारी पडलं होतं आणि दुकानदार ते पितळेच्या भावाने द्यायला तयार होता.

हे विजय पदक कांशाचं असतं, म्हणून ते वाचलं. त्याच्याबरोबर जवळजवळ प्रत्येकाला चांदीचं ब्रिटिश युद्धपदक मिळत असे. अशी साठ लाखांहून अधिक पदकं काढली गेली, आणि प्रत्येकात साधारण तीन तोळ्यांच्या आसपास चांदी होती. १९७९-८० मध्ये जगभर चांदीचे भाव कडाडले तेव्हा इंग्लंडमध्येच ही पदकं ढिगाने भट्टीत गेली. आपल्याकडे त्यासाठी भाववाढीची गरज नव्हती. घरातल्या लग्नाला, दुष्काळाच्या वर्षाला, बैलाच्या खरेदीला चांदी सोनाराकडे जायचीच. म्हणून आज बाजारात जोडीतलं एकटं विजय पदक जास्त भेटतं. चांदीचा जोडीदार वितळला, आणि त्याच्या कडेवरचं नावही.

पदकावर मालकाचं नाव असणं हा तसा नवा विचार. ब्रिटनच्या सरकारने अधिकाऱ्यापासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना एकच पदक पहिल्यांदा दिलं ते १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईसाठी, आणि त्याच्या कडेवर प्रत्येकाचं नाव यंत्राने ठोकलं. पुढे हीच रीत झाली. सेनापतीचे पुतळे चौकात उभे राहिले. साध्या शिपायाचं नाव सरकारने स्वतःहून धातूवर लिहिलं ते बहुधा या एवढ्याच जागेत.

लंडनच्या मेफेअर भागातलं नूनन्स किंवा ब्लूम्सबरीतलं स्पिंक या लिलावगृहांची पदकांची यादी उघडली की हा हिशेब लगेच कळतो. स्पिंक तर आपलं मूळ १६६६ पर्यंत नेतं. प्रत्येक नोंदीत आधी पदक, मग त्याच्या फितीवर लढायांच्या नावांच्या किती पट्ट्या, आणि लगेच कंसात कडेवरचा मजकूर अक्षर न् अक्षर, जुन्या स्पेलिंगसकट. त्यापुढे अक्षरं ठोकलेली आहेत की कोरलेली, ते. मग अवस्था. आणि बोली लागावी असं काही असेल तर त्या माणसाची कहाणी: कुठे जखमी झाला, कोणत्या तुकडीत होता, पुढे काय झालं. ब्रिटिश सैनिकाची कहाणी शोधायला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पदकांच्या याद्या आहेत, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्कराचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कडेवरचं नाव यादीत सापडलं, तर त्याच धातूच्या, त्याच वजनाच्या दोन पदकांत दहा-वीसपट फरक पडतो.

म्हणून लबाडीही कडेवरच होते. सगळीच लबाडी दुष्ट हेतूने झाली असंही नाही. पदक हरवलेला सैनिक परेडसाठी दुसऱ्या कुणाचं पदक विकत घ्यायचा, कानशीने नाव घासायचा आणि आपलं कोरून घ्यायचा. पण कानस धातू खाते. कॅलिपरने मापलं की व्यास किंचित कमी भरतो, कड मधोमध खोलगट लागते, आणि अक्षरांचं वळण त्या काळच्या टांकसाळीशी जुळत नाही. यादीत मग एकच शेरा येतो, 'नाव बदललेलं', आणि भाव कोसळतो. वरची कडी काढून ब्रोच करून घेतलेल्या पदकाचंही तेच.

झिजेकडे मात्र जाणकार मायेने बघतात. १८८२ च्या इजिप्त मोहिमेच्या चांदीच्या पदकाबरोबर तिथल्या खेदिवने म्हणजे शासकाने दिलेला कांशाचा तारा छातीवर शेजारी लटकायचा. चालताना त्या ताऱ्याची टोकं चांदीवर आपटायची आणि बारीक खड्डे पडायचे. लिलावाच्या यादीत 'ताऱ्यामुळे पडलेले खड्डे' अशी नोंद सर्रास असते. मला तो दोष वाटत नाही. ते पदक खरोखर अंगावर होतं, याची ती खूण आहे.

मराठी वाचकाने एखादंच पदक नीट बघायचं ठरवलं तर मी आर्मी ऑफ इंडिया मेडल दाखवीन. फिकट निळी फीत, चांदीची गोल चकती, पुढे विल्यम वायनने घडवलेली व्हिक्टोरिया राणी, मागे बसलेली विजयदेवता आणि तिच्यामागे ताडाचं झाड. पण बघायच्या असतात त्या फितीवरच्या आडव्या पट्ट्या. त्यांच्यावरची नावं म्हणजे महाराष्ट्राचा आणि त्याच्या शेजाराचा नकाशाच: असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. स्पेलिंग अशी की ओळख पटायला क्षणभर लागतो. अडगावचं 'आर्गॉम' आणि कोरेगावचं 'कोरिगॉम' झालेलं. इतर बहुतेक पदकांवर पट्ट्या खालून वर वाचतात. इथे उलटं आहे, वरून खाली. सर्वांत शेवटची लढाई चकतीला लागून.

या पदकाची तारीख मला नेहमी अस्वस्थ करते. लढाया १८०३ ते १८२६ मधल्या, आणि कंपनीने पदक मंजूर केलं १८५१ मध्ये. तेही तोवर जिवंत असलेल्यांनाच, त्यांनी अर्ज केला तर. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. त्या दिवशी विशीत असलेला शिपाई १८५१ मध्ये सत्तरीला टेकलेला होता. सगळी मिळून जेमतेम साडेचार हजार पदकं दिली गेली. दूरच्या गावातल्या म्हाताऱ्या देशी शिपायापर्यंत अशी घोषणा पोचणार कशी, पोचली तरी अर्ज लिहिणार कोण? जी पदकं पोचली ती म्हणूनच दुर्मिळ, आणि आज लंडनमध्ये त्यांची बोली हजारो पौंडांत जाते.

कोरेगावची पट्टी तर फारच थोड्यांना मिळाली. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी लढलेल्या त्या छोट्या तुकडीत बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची एक पलटण, पुण्याचे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. गावाजवळच्या जयस्तंभावर पडलेल्यांची ४९ नावं आहेत, आणि त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाने संपतात, म्हणजे महार सैनिकांची. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या दगडावरच्या नावांना नवा अर्थ मिळाला. जे पडले त्यांची नावं दगडावर गेली. जे वाचले, पुढे तेहतीस वर्षं जगले आणि ज्यांच्यापर्यंत कागद पोचला, त्यांची चांदीच्या कडेवर. मधल्या साऱ्यांची कुठेच नाहीत.

आणि समोरच्या बाजूची तर नाहीतच. असईला शिंद्यांच्या तोफखान्यातली माणसं तोफा सोडून हटली नाहीत, तोफांशेजारीच पडली. खडकीला बापू गोखल्यांच्या हाताखाली चालून गेलेल्यांची यादी कुणी टांकसाळीत पाठवली नाही. ज्या मातीचं नाव पट्टीवर आहे, त्या मातीसाठी लढलेल्यांची कड कोरीच राहिली. हे पदक हातात घेतलं की मला या दोन्ही गोष्टी एकदम जाणवतात, आणि कुठलीही एक सोडून देता येत नाही.

बाजाराची नजर बदलते, हेही इथे दिसतं. इंडिया जनरल सर्व्हिस पदकावर १८८५-८७ च्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेपासून सैन्याबरोबरच्या बिगरलढाऊ माणसांना कांशाची पदकं देऊ लागले. पखाली, डोलीवाले, मोतद्दार, धोबी, झाडूवाले. चांदी लढणाऱ्याला, कांसं पाणी देणाऱ्याला. त्या काळी कमी मानलेली ही कांशाची पदकं आता संग्राहक मुद्दाम शोधतात, कारण ती कमी होती आणि कमी जपली गेली. डोलीवाल्याचं नाव कडेवर असलेलं पदक शिपायाच्या चांदीच्या पदकाच्या तोडीने, कधी वरही जातं.

लिलावाच्या दुनियेत नावाची ही ओढ लष्करापुरती नाही. गोल्फच्या जुन्या वस्तूंचे लिलाव बघा. पिसं भरलेला चामड्याचा जुना चेंडू, ज्यात टोपभर उकडलेली पिसं टोच्याने ठासायचे, तो कुणाचा हे त्यावरच्या ठशावरून ठरतं. सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन आपल्या चेंडूवर 'अ‍ॅलन' एवढंच उमटवायचा. २००७ मध्ये सोदबीजने विकलेल्या एका लाकडी पटरला १,८१,००० डॉलर मिळाले, कारण त्याच्या डोक्यावर 'ए. डी.' ही दोन अक्षरं होती. अँड्र्यू डिक्सन नावाच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या स्कॉटिश कारागिराची.

पदकांमध्ये सर्वांत मोठे आकडे अर्थातच व्हिक्टोरिया क्रॉसचे. मायकेल अ‍ॅशक्रॉफ्ट या ब्रिटिश उद्योजकाने १९८६ पासून असे दोनशेहून अधिक क्रॉस जमवले. डॉक्टर नोएल चाव्हास यांच्या दुहेरी क्रॉससाठी त्यांनी २००९ मध्ये सुमारे पंधरा लाख पौंड दिल्याचं छापून आलं. या क्रॉसला कड नाही. नाव वरच्या पट्टीच्या पाठीवर असतं आणि पराक्रमाची तारीख क्रॉसच्या पाठीवर. यशवंत घाडगे यांची तारीख १० जुलै १९४४, इटलीतलं तिबेर नदीचं खोरं. नामदेव जाधव यांची ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, घाडगे नाईक आणि जाधव शिपाई, दोघेही या मातीतले.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खर्च वाचवायला ब्रिटिश सरकारने आपल्या सैनिकांना बहुतेक पदकं कोऱ्या कडेची पाठवली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नावं घातली गेली. म्हणजे आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेल्या १९३९-४५ च्या ताऱ्याच्या पाठीवर किंवा पदकाच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव असण्याची पुरेपूर शक्यता आहे. पॉलिश किंवा चिंच लावून ते चकचकीत करू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसावं, भिंगाखाली वाचावं आणि अक्षरं जशी आहेत तशी वहीत उतरवून घ्यावीत.

माझं ते ११७ मराठाचं पदक घरी आणल्यावर मी बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचत होतो. मेसोपोटेमियात पडून कबर न मिळालेल्यांचं ते स्मारक. ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं तिथे दगडावर आली. भारतीय शिपायांची मात्र नावं नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये या भेदाची जाहीर कबुली देऊन माफी मागितली.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा जुन्या बाजारात गेलो. दुकानदाराला हे सगळं सांगितलं. त्याने पेटीतून आणखी दोन गोल तुकडे काढले, शर्टाच्या टोकाने पुसले, उन्हाकडे तिरके धरून फिरवले. एक शाळेच्या स्पर्धेचं निघालं. दुसऱ्याच्या कडेवर अक्षरं होती. तो म्हणाला, ''हे मोडीत घालणार होतो काका. आता नाव असलेलं आलं की बाजूला ठेवतो.''