सामन्याचे गुणपत्रक आणि वर्गाचे गुणपत्रक

सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे आकडे छापून येतात. आपल्या शाळांतील मुले ते उत्सुकतेने वाचतात. कित्येकांना तर ते मुखोद्गत असतात. परंतु आकडे पाठ असणे निराळे आणि ते वाचता येणे निराळे. असे गुणपत्रक मुलांस कसे वाचावयास शिकवावे, आणि ते शिकविता शिकविता आपणा शिक्षकांस स्वतःच्या कामाविषयी कोणता बोध होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. स्मृती मानधना हिचे बालपण व शालेय शिक्षण सांगलीजवळील माधवनगर येथे झाले. २०२५ सालच्या महिलांच्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषक स्पर्धेत ती भारताकडून नऊ सामने खेळली. त्यांत तिने अनुक्रमे ८, २३, २३, ८०, ८८, १०९, नाबाद ३४, २४ आणि ४५ धावा केल्या. हे नऊ आकडे फळ्यावर लिहावेत व मुलांकडून बेरीज करून घ्यावी. ती ४३४ येईल. पुढे सरासरी काढावयास सांगितल्यास बहुतेक मुले ९ ने भागतील व ४८.२२ असे उत्तर देतील. अधिकृत पत्रकात मात्र ५४.२५ असा आकडा आहे. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. क्रिकेटमध्ये एकूण धावांस डावांच्या संख्येने न भागता खेळाडू जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. एका डावात ती नाबाद राहिली, म्हणून भाजक ८. कोणत्याही सरासरीपुढे 'कशाने भागले?' हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांस या एका उदाहरणाने लागू शकते.

आता याच आकड्यांतील पहिले तीन पाहावेत. ८, २३ आणि २३ यांची बेरीज ५४ व सरासरी अवघी १८ येते. त्या वेळी कोणी पत्रक मिटून 'ही फलंदाज कच्ची आहे' असा शेरा लिहिला असता, तर पुढील ८०, ८८ आणि १०९ हे आकडे त्यास कधीच दिसले नसते. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तिने ८० व ८८ धावा केल्या ते दोन्ही सामने भारताने गमावले. ४५ धावा केल्या तो अंतिम सामना भारताने जिंकला. तेव्हा मोठा आकडा म्हणजे विजय, असेही समीकरण मांडता येत नाही.

तो अंतिम सामना २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झाला. भारताने ७ बाद २९८ धावा केल्या, प्रतिपक्षाचा डाव २४६ धावांत आटोपला, आणि भारत ५२ धावांनी विजयी झाला. शफाली वर्मा हिने ७८ चेंडूंत ८७ धावा केल्या. दीप्ती शर्मा हिने ५८ धावा करून ३९ धावांत ५ बळी घेतले. सर्वांत मोठी वैयक्तिक धावसंख्या मात्र पराभूत संघाची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट हिची, १०१ अशी होती. अमनज्योत कौर हिच्या नावापुढे फलंदाजीच्या रकान्यात फक्त १२ धावा आहेत. परंतु प्रतिपक्षाची जमलेली सलामीची जोडी तिच्याच अचूक फेकीने फुटली, आणि शतक झळकावलेल्या वोल्व्हार्टचा झेलही तिनेच टिपला. धावबाद झालेला बळी कोणत्याही गोलंदाजाच्या नावावर चढत नाही, आणि झेलाचा बळी गोलंदाजाच्या नावे मोजला जातो. ज्या गोष्टीस स्वतंत्र रकाना नाही, ती पत्रक वरवर वाचणाऱ्यास दिसतच नाही.

या बाबतीत बास्केटबॉलचे पत्रक अधिक उदार आहे. हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने निर्माण केला. आज त्याच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या पत्रकात गुणांखेरीज इतर रकानेही असतात. फळीवरून परतलेला चेंडू किती वेळा ताब्यात घेतला, कितीदा हिसकावला, कितीदा गमावला, आणि ज्यावरून सहकाऱ्याने लगेच गुण मिळविला असा चेंडू कितीदा पुरविला, या सर्वांची नोंद तेथे होते. शिवाय अधिक-उणे असाही एक रकाना असतो. एखादी खेळाडू मैदानावर असताना तिच्या संघाने २० व प्रतिपक्षाने १४ गुण मिळविले, तर तिच्या नावापुढे अधिक ६ लिहितात. मग त्यांतला एकही गुण तिचा नसला तरी चालते. २०१७ साली बंगळूर येथे महिलांच्या आशिया चषकाच्या ब गटातील अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानवर ७५–७३ असा विजय मिळविला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. दोन गुण म्हणजे एक साधी टोपली. एवढ्या निसटत्या विजयात वेळेवर पुरविलेल्या एका चेंडूचे मोल काय, हे मुलांस निराळे सांगावे लागणार नाही.

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका वाडीवरील शाळेत चौथीचा वर्ग शिकवीत असे. एका मुलीस गणिताच्या लागोपाठ तीन चाचण्यांत फार थोडे गुण मिळाले. मी 'गणितात कच्ची' असा शेरा लिहिला व तिच्या वडिलांसही तोंडी तसेच सांगितले. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. पुढे एकदा पहाटे दूध संकलन केंद्रावर जाण्याचा योग आला. तेथे ही मुलगी चार घरांच्या दुधाचे लिटर, दर आणि आठवड्याची रक्कम तोंडी हिशोबाने सांगत होती, आणि केंद्रचालक ते वहीशी ताडून मान हलवीत होता. दूध घालून शाळेत पोहोचेपर्यंत तिची चाचणी अर्धी संपलेली असे, हे मला तेव्हा उमगले. माझ्या पत्रकात उशिरास रकाना नव्हता, तोंडी हिशोबासही नव्हता. मी तिच्या घरी दोनदा गेलो. ती परत आली नाही. तीन आकड्यांवरून केलेली माझी सरासरी गणिताच्या दृष्टीने बिनचूक होती, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींस एक सोपा उपक्रम सुचवावासा वाटतो. शाळेत खो-खोचा सामना लावावा. आजारी अथवा अपंग असल्यामुळे जी मुले खेळू शकत नाहीत, त्यांच्याकडे पत्रक लिहिण्याचे काम सोपवावे. म्हणजे तीही खेळात सहभागी होतील. पत्रकात तीन रकाने असावेत. पहिल्यात किती गडी बाद केले ते लिहावे. दुसऱ्यात किती मिनिटे व सेकंद नाबाद राहिला ते लिहावे. तिसऱ्यात, ज्याच्या खोनंतर उठलेल्या गड्याने लगेच प्रतिपक्षाचा गडी टिपला, त्याच्या नावापुढे एक खूण करावी. निदान पाच सामने झाल्यावाचून कोणाविषयीही मत बनवू नये. बेरीज, सरासरी व कालमापन यांचा सराव तर होईलच. शिवाय तिसऱ्या रकान्यात अशी काही नावे पुढे येतील, की जी आजवर आपल्या डोळ्यांत भरली नव्हती.

आणि असे पत्रक तयार झाले, की आपण आपल्या वर्गाचे गुणपत्रक उघडावे. त्यात कोणता रकाना नाही, हे आधी पाहावे. शेरा त्यानंतर लिहावा.