साबणाच्या चेंडूत अडकलं शिसं!

दोस्तांनो, चंद्रपूरला कधी आलात तर दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या लांबूनच दिसतील. इरई धरणाचं पाणी या केंद्रालाही लागतं आणि शहरालाही. कोळसा जळला की मागे राख उरते, चांगले डोंगर होतील इतकी! तिच्यात शिसं, क्रोमियम, आर्सेनिक अगदी थोडं, पण असतं. राखेतून पाणी झिरपलं, तर ते त्यात उतरू शकतं.

"थोडंसंच ना?" असं म्हणू नका हं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमहून जास्त शिसं नको. म्हणजे एवढंसं १ ग्रॅम शिसं १ लाख लिटर पाण्याला या मर्यादेवर नेऊन ठेवतं! आणि ते सर्वांत जास्त बाधतं कुणाला? तुमच्यासारख्या मुलांच्या मेंदूला.

आई म्हणेल, पाणी उकळून घेऊ. जंतू मरतील, पण धातू? वाफ उडून जाते, धातू पातेल्यातच राहतो.

मग गाळायचं? पण विरघळलेल्या शिशाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, १ नॅनोमीटरहूनही लहान. साध्या बारीक पटलातून ते आरपार जातात. अगदी सूक्ष्म पटल घेतलं, तर पाणी ढकलायला भारी दाब लागतो.

इथे साबणाचा भाऊबंद कामी येतो. टूथपेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट घ्या. त्याच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, शेपटी पाण्याला भिते. लिटरला सव्वादोन ग्रॅमच्या पुढे गेलं, की पन्नास-साठ रेणू शेपट्या आत अन् डोकी बाहेर करून गोल बसतात. या चेंडूला म्हणतात मिसेल. बाहेरून तो ऋणभारित, शिसं धनभारित. मग काय, कपड्याला कुसळं चिकटावीत तसं शिसं चिकटतं! एवढा चेंडू पटलाच्या छिद्रातून जात नाही. स्वच्छ पाणी खाली, शिसं वर. क्रोमेट मात्र स्वतःच ऋणभारित, त्याला धनभारित डोक्याचा रेणू लागतो.

अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात १९८०च्या दशकात यावर बरंच काम झालं. वर उरलेल्या दाट पाण्यात आम्ल घातलं, की धातू सुटतो आणि साबण पुन्हा वापरता येतो.

पण घोडं अडतं कुठे? सुटे राहिलेले थोडे रेणू पटलातून निसटतात, तेही काढावे लागतात. आणि बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं. तेही धनभारित! शिशाच्या आधी तेच जागा धरून बसतं. त्या पाण्यात अंगाच्या साबणाला नीट फेस येत नाही ना? तिथेही आडवं येतं ते हेच कॅल्शियम.