जुने नकाशे आणि गोदाकांठचा भूतकाळ

नकाशा म्हणजे वाट चुकूं नये म्हणून जवळ बाळगावयाचा कागद, अशी सर्वसाधारण समजूत असते. नवा रस्ता झाला, नवें धरण बांधलें, कीं जुना नकाशा निरुपयोगी ठरतो आणि रद्दींत जातो. परंतु प्रवाशाला जो नकाशा निरुपयोगी झाला तोच इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडूं लागतो. बखरी आणि सनदा राजांच्या व सरदारांच्या हालचाली सांगतात. जमीनमोजणीचा जुना नकाशा मात्र विहीर कोठें होती, उतार कोणत्या घाटानें होता, बाजाराच्या गांवाकडे बैलगाडी कोणत्या वाटेनें जात होती, हें सांगतो. ज्या गोष्टी कोणीहि लिहून ठेवण्यासारख्या मानल्या नाहींत, त्या गोष्टींची नोंद त्यांत आपोआप झालेली असते.

कोंकणांत अशा नकाशांवरून समुद्र किती मागें हटला, कोणतें बंदर गाळानें बुजलें, हें पाहतां येतें. मराठवाड्याला समुद्र नाहीं; पण कांठ आहे. नांदेडला गोदावरीचा कांठ, लातूरच्या मुलखाला मांजरा, तेरणा, मन्याड यांचे कांठ. वस्ती, देवस्थानें, पेठा आणि किल्ले हीं सारीं या कांठांच्या आधारानें वाढलीं. तेव्हां या भागाचा भूतकाळ शोधूं पाहणाऱ्यानें नदीचा कांठ धरूनच नकाशा वाचावा हें उत्तम.

हे नकाशे कसे तयार झाले तें प्रथम पाहिलें पाहिजे. विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ पायारेषा अत्यंत काळजीनें मोजली आणि तिच्या आधारें त्रिकोणामागून त्रिकोण मांडीत तो देशभर मोजणी करीत निघाला. एक बाजू व कोन ठाऊक असले म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानें निघतात. म्हणून साखळी घेऊन प्रत्येक मैल चालण्याचें कारण उरत नाहीं. दक्षिणोत्तर जाणाऱ्या या त्रिकोणांच्या माळेला पुढें महाचाप असें नांव पडलें. तिची एक पायारेषा १८१५ सालीं बीदरजवळ दामरगिद्दा येथें मोजली गेली. तेथून ही माळ आजच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्वसीमेच्या आसपासच्या टेंकड्यांवरून वऱ्हाडाकडे गेली. लॅम्बटनचा अंत १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाट येथें झाला. त्याचा सहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट हा त्यापूर्वींच गोदावरी आणि कृष्णा यांमधील जंगलांत तापानें इतका खंगला होता कीं, त्याला कांहीं काळ देश सोडून हवापालटासाठीं जावें लागलें. नकाशावरील एकेक बारीक रेषेमागें असे श्रम आहेत.

लॅम्बटनचे त्रिकोण हा सांगाडा झाला. त्यावर मांस चढविण्याचें काम निजामी मुलखाच्या मोजणीनें केलें. तें १८१६ सालीं जेम्स गार्लिंग याच्या हाताखालीं सुरू झालें. गांवें, ओढे, डोंगर आणि वाटा हीं या मोजणींत प्रथमच ठराविक प्रमाणांत कागदावर उतरलीं. त्या काळच्या इंग्रजी कागदांत नांदेडचें ‘नांदेर’ आणि बीदरचें ‘बेदर’ झालेलें दिसतें. म्हणून जुन्या नकाशांत गांव शोधतांना त्याचें नांव परक्या कानाला कसें ऐकूं आलें असेल याचा आधीं विचार करावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं भारतीय सर्वेक्षण खात्यानें साऱ्या देशाला एकच क्रमपद्धति लावली. चार अंश लांब व चार अंश रुंद अशा प्रत्येक चौकोनास एक आंकडा देण्यांत आला. ७६ ते ८० पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश यांमधला चौकोन हा ५६ क्रमांकाचा. नांदेड आणि लातूर हीं दोन्ही शहरें त्यांत पडतात. या मोठ्या चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा भाग करून त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरें दिलीं आणि प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा तुकडे करून त्यांना आंकडे दिले. या हिशेबानें नांदेड शहर ५६ ई/८ या पत्रकांत येतें, लातूर ५६ बी/११ मध्यें, आणि कंधार ५६ एफ/१ मध्यें. अशा एका पत्रकांत सुमारें सतरा मैल लांब व सोळा मैल रुंद एवढा प्रदेश असतो. जुनीं पत्रकें एका मैलास एक इंच या प्रमाणाचीं. दशमान पद्धति आल्यावर निघालेलीं पत्रकें पन्नास हजारांस एक या प्रमाणाचीं. जमिनीचा चढउतार सारख्या उंचीच्या रेषांनीं दाखविलेला असतो. रेषा दाटीनें आल्या तेथें कडा किंवा घाट, विरळ झाल्या तेथें सपाटी.

आतां वाचनाला प्रारंभ करावा तो पाण्यापासून. नांदेडच्या जुन्या पत्रकांत गोदावरी रुंद वाळवंट घेऊन वाहतांना दिसते. पाण्याचा प्रवाह त्या वाळूंतून एका बाजूनें जातो आणि उन्हाळ्यांत उतार कोठें मिळत असेल याचा अंदाज दोन्ही तीरांवरच्या वाटा समोरासमोर येऊन थांबतात त्यावरून करतां येतो. नव्या पत्रकांत शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा आहे आणि त्यामागें पाणी तुंबून नदीचें सरोवर झालें आहे. खालच्या अंगाला धर्माबादच्या बाजूस पोचमपाड येथील श्रीरामसागराचा फुगवटा येतो. त्या धरणाची पायाभरणी १९६३ सालीं झाली. वरून एक आणि खालून एक अशा दोन धरणांनीं नदीचें रूप बदललें. तें पूर्वीं कसें होतें याचा साक्षीदार आतां जुनें पत्रकच आहे. कंधार येथें उलट अनुभव येतो. राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग समुद्र हा तलाव जुन्या आणि नव्या दोन्ही पत्रकांत आहे. हजार वर्षांपूर्वीं मातीचा बांध घालणाऱ्यांनीं जागा अशी नेमकी निवडली कीं, नकाशावरील उंचीच्या रेषा पाहतांच ती योग्य वाटावी.

१९७२ च्या दुष्काळानंतर पाझर तलाव पुष्कळ झाले. ते नव्या पत्रकांत निळ्या ठिपक्यांसारखे पसरलेले आहेत. जुन्या पत्रकांत त्यांच्या जागीं केवळ नाल्याची रेषा असते, पण गांवाभोंवतीं विहिरींच्या खुणा दिसतात. या विहिरींची गोष्ट केवळ कुतूहलाची नाहीं. १२ एप्रिल १९१६ रोजीं नव्हे, तर आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत, १२ एप्रिल २०१६ रोजीं, मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची आगगाडी लातूरला आली. लक्षावधि वस्तीच्या शहराला तीनशें किलोमीटरांहून अधिक लांबून रुळांवरून पाणी आणावें लागलें. अशा वेळीं जुना ओढा कोठून वाहत होता, कोणत्या वस्तीखालीं तो गाडला गेला, कोणती विहीर बुजविली गेली, हे प्रश्न नगररचनेचे होतात. आणि त्यांच्या उत्तराचा आरंभ जुन्या पत्रकांतून होऊं शकतो.

पाण्यानंतर वाटा. मनमाडहून नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारी मीटरगेज आगगाडी १९०० च्या सुमारास झाली. त्यापूर्वींच्या नकाशांत महत्त्वाच्या वाटा नदीच्या उताराकडे धांवतात. नंतरच्या नकाशांत त्या स्टेशनाकडे वळतात. लातूरला बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी १९११ सालीं पोंचली आणि लातूरच्या पेठेचें नशीब उघडलें. पुढें १९८२ सालीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला; त्याच्या मुळाशीं हें व्यापाराचें बळ होतें. २००८ पर्यंत या मार्गाची रुंदी वाढवून तेथें ब्रॉडगेज आलें. लहान गाडी गेली. परंतु जुन्या पत्रकावरची तिची काळी रेषा घेऊन शोध केला असतां शेतांतला एखादा भराव किंवा ओढ्यावरची दगडी मोरी अचानक अर्थपूर्ण होते.

तिसरी गोष्ट नांवांची. मराठी शेतकऱ्याच्या बोलींत पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती पडून, राख आणि शेण मिसळून गांवठाणाची माती पांढुरकी होते. नदीकांठच्या उंचवट्यावर अशी पांढरी असून तेथें आज गांव नसेल, तर तेथें पूर्वीं वस्ती होती हें उघड आहे. तेरणेच्या कांठचें तेर हें याचें मोठें उदाहरण. ग्रीक लेखकांनीं उल्लेखिलेलें तगर नगर तें हेंच, असें फ्लीट यानें १९०१ सालीं दाखवून दिलें. महसुली दप्तरांत ओसाड गांवास ‘बेचिराख’ म्हणतात, म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं असें गांव. त्याचें नांव शिवाराला चिकटून राहतें आणि कधीं कधीं पत्रकांतहि उतरतें. बुद्रुक आणि खुर्द या जोडगांवांवरून मूळ गांव कोणतें व फुटून निघालेलें कोणतें तें कळतें. ‘तांडा’ हें पद जेथें येतें तेथें बंजाऱ्यांची वस्ती. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणाऱ्या या समाजाचा धंदा आगगाडीनें आणि सडकांनीं बुडविला आणि फिरते तांडे एका जागीं स्थिरावले. म्हणजे एकाच पत्रकांत आगगाडीची रेषा आणि तांड्यांचीं नांवें वाचलीं कीं, कारण आणि कार्य दोन्ही समोर येतात.

सीमारेषाहि वाचण्यासारख्या आहेत. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत बीदर जिल्ह्यांतील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे आले. आदिलाबादेंतून किनवट आलें. उलट देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल हे भाग आणि मुधोळ, भैंसा हीं ठिकाणें नांदेडमधून तेलुगु राज्यास गेलीं. जुन्या पत्रकांत उदगीर बीदरच्या सीमेंत पाहिलें म्हणजे त्या भागांतील सोयरिकी, बाजार आणि बोली यांचा ओढा दोहींकडे कां आहे, तें निराळें सांगावें लागत नाहीं.

मात्र या साऱ्या वाचनांत सर्वांत गंभीर पत्रक आहे तें ५६ बी/१२. किल्लारी या पत्रकांत येतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहांटे चारच्या सुमारास, भूकंपानें तेरणाकांठचीं गांवें जमीनदोस्त केलीं आणि हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. त्यानंतर बावन्न गांवें मूळ जागा सोडून दूर वसविण्यांत आलीं. नवीं गांवें सरळ रस्त्यांचीं व रुंद चौकांचीं आहेत; जुनीं गांवें देऊळ, वेस, चावडी आणि नदीचा घाट यांभोंवतीं दाटीनें वाढलेलीं होतीं. नव्या पत्रकावर गांवाचें नांव नव्या जागीं गेलें. जुन्या पत्रकावर मात्र तें अजून नदीजवळ आहे. नव्या गांवांत जन्मलेल्या मुलाला आजोबांचें घर कोणत्या बाजूस होतें, वेशींतून निघालेली वाट कोठें जात होती, हें दाखविणारें साधन आज यापरतें दुसरें फारसें नाहीं.

तेथेंच नकाशाची मर्यादाहि कळते. भूकंपाचा धोका दाखविणाऱ्या त्या वेळच्या देशाच्या नकाशांत हा प्रदेश सर्वांत सुरक्षित गटांत रंगविलेला होता. ऑक्टोबर १९९२ मध्यें तेथें धक्के बसलेले असतांहि तो रंग तसाच राहिला. २००२ सालीं मानकांची दुरुस्ती होऊन तो भाग वरच्या गटांत गेला. यावरून शिकावयाचें तें हें कीं, नकाशा कोऱ्या जागेबद्दल कांहींच सांगत नाहीं. तेथें कांहीं नाहीं असें तो म्हणत नसतो. मोजणीदाराला जें दिसलें, ज्याची सरकारला व लष्कराला गरज होती, तेवढेंच त्यानें टिपलें. बायका पाणी भरावयास जात ती पायवाट, गांवकुसाबाहेरच्या वस्तीचें खरें नांव, पुष्कळदां त्यांतून गळलें. म्हणून पत्रक घेऊन गांवांतील म्हाताऱ्या माणसांपुढें बसणें हा अभ्यासाचा अर्धा भाग होय. पत्रकाच्या समासांत मोजणीचें वर्ष आणि छपाईचें वर्ष हीं वेगवेगळीं दिलेलीं असतात. त्यांपैकीं मोजणीचें वर्ष खरें धरावें. कारण छपाई उशिरां होते आणि जमीन थांबत नाहीं. तसेंच जुन्या पत्रकांची मांडणी एव्हरेस्टनें १८३० सालीं पृथ्वीच्या आकाराविषयीं ठरविलेल्या आंकड्यांवर आहे आणि आजचे उपग्रह निराळे आंकडे वापरतात. म्हणून जुनें पत्रक नव्या चित्रावर ठेवलें असतां सारें थोडें सरकलेलें दिसतें. देऊळ, किल्ल्याचा बुरूज, अशा न हललेल्या दोनतीन खुणा जुळवून घेतल्या म्हणजे काम भागतें.

पूर्वीं हीं पत्रकें मिळविणें सामान्य माणसाला कठीण होतें. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें नागरी उपयोगाचीं पत्रकें वेगळीं काढलीं आणि २०२१ च्या नियमांनीं उरलेलीं बंधनें पुष्कळशीं सैल केलीं. अमेरिकन लष्करानें १९५० च्या दशकांत छापलेले लहान प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानें इंटरनेटवर सर्वांस खुले ठेवले आहेत. घरांतील मुलांना सुटीचा उद्योग म्हणून आपल्या मूळ गांवाचें जुनें व नवें पत्रक शेजारीं मांडून, पाणी, वाट, नांव आणि सीमा या चार गोष्टींतील फरक वहींत उतरवावयास सांगितलें, तर चार संध्याकाळींत त्या गांवाचा शंभर वर्षांचा आराखडा तयार होईल. इतिहास केवळ राजधान्यांचा असतो असें मानणाऱ्या आपल्या समाजाला तो आराखडा पुष्कळ कांहीं शिकवील. गांव उठतें, नदी तुंबते, रूळ उखडले जातात; पण कोणी एकदां प्रामाणिकपणें मोजून ठेवलेली जागा पुन्हा शोधतां येते, एवढा आधार हा जीर्ण कागद देतो.