पारिभाषिक पदांची फोड आणि प्रवेशपरीक्षा

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या लोहमार्गाच्या कडेने सलग वसलेल्या नगरांतील मराठी शाळांतून जे विद्यार्थी विज्ञानशाखेकडे वळतात, त्यांस अकरावीत विषय तोच राहून भाषा मात्र बदललेली आढळते. राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत भौतिकी व रसायन यांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास ५४ सेकंद. एवढ्या अवधीत अनोळखी पदाचा अर्थ आठवीत बसण्यास सवड नसते. म्हणून इंग्रजी-मराठी शब्दांच्या याद्या मुखोद्गत करण्याचा प्रघात पडला आहे. तो अगदीच निरुपयोगी नव्हे; परंतु यादी प्रतिशब्द देते, पदाची घडण दाखवीत नाही.

‘लिसिस’ हे ग्रीक पद घ्यावे. सुटे होणे हा त्याचा मूलार्थ. ‘हायड्रॉलिसिस’ला मराठीत जलअपघटन, ‘इलेक्ट्रॉलिसिस’ला विद्युत अपघटन, ‘ग्लायकॉलिसिस’ला ग्लुकोज-विघटन, तर ‘ॲनॅलिसिस’ला विश्लेषण म्हणतात. मराठी प्रतिशब्दांवरून या चौघांचे नाते सहसा ध्यानी येत नाही. यादीत ते चार ठिकाणी विखुरतात. इंग्रजी पदाची फोड करणाऱ्यास मात्र पूर्वी न वाचलेले ‘फोटॉलिसिस’ही उलगडते, कारण ‘फोटो’ म्हणजे मुळात प्रकाश. (रुग्णालयांमुळे घरोघरी पोचलेला ‘डायलिसिस’ याच कुळातला होय.)

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, व ती ओळखीच्या शब्दांची आहे. व्यवहारात ‘चाल’ म्हणजे चालण्याची ढब, गाण्याची चाल किंवा डावपेच. ‘वेग’ म्हणजे जलदपणा. भौतिकीत ‘स्पीड’ ती चाल आणि ‘व्हेलॉसिटी’ तो वेग; शिवाय वेगास दिशा असते. अंबरनाथहून बदलापूरकडे जाणारी व बदलापूरहून अंबरनाथकडे येणारी, अशा दोन लोकलगाड्यांची चाल सारखी असली तरी त्यांचे वेग भिन्न ठरतात. बदलापूरहून उल्हासनगरास जाऊन पुन्हा त्याच जागी परतलेल्या प्रवाशाचा संपूर्ण फेरीतील सरासरी वेग शून्य भरतो. सरासरी चाल शून्य नव्हे. दोन्ही इंग्रजी शब्दांपुढे ‘वेग’ एवढेच लिहून ठेवलेली वही येथे हमखास दगा देते. बल, शक्ती व ऊर्जा या त्रयीचेही तेच. घरच्या बोलण्यात ते जवळजवळ पर्याय असतात.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतही देता येते. तथापि मराठी निवडणाऱ्यास मिळणारी प्रश्नपुस्तिका द्वैभाषिक असते, भाषांतराविषयी संदिग्धता उद्भवल्यास इंग्रजी पाठच ग्राह्य धरला जातो आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. मराठी वाक्यात ‘वेग’ शब्द पाहून अडखळलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी पाठात ‘स्पीड’ आहे की ‘व्हेलॉसिटी’, एवढे पाहून घेता येते.