कौल कोण देणार?

सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅक्सा या फ्रेंच विमा कंपनीने ‘फिझी’ नावाचा विमा आणला. पॅरिसहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानाला दोन तास उशीर झाला, की भरपाई आपोआप मंजूर. ना अर्ज, ना खेटे. हा करार इथेरियम या ब्लॉकचेनवर नोंदलेला असे.

ब्लॉकचेन म्हणजे एकच खातेवही, पण तिच्या प्रती हजारो संगणकांवर. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो. मागचा एक आकडा बदलला तरी पुढचे सगळे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. त्यावर लिहिलेला ‘स्मार्ट करार’ म्हणजे ‘अमुक झालं तर इतके पैसे द्या’ असा संगणकीय हुकूम. पैसे अडवून ठेवायला तिथे साहेबच नाही.

पण ‘अमुक झालं’ हे कराराला कळणार कसं? त्याला बाहेरचं जग दिसत नाही. ती खबर आणणाऱ्या दुव्याला ‘ओरॅकल’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा कौल देणाराच. विमानाच्या बाबतीत कौल सोपा, कारण घड्याळाशी वाद नसतो. तरीही पुरेसं गिऱ्हाईक न मिळाल्याने फिझी २०१९ मध्ये गुंडाळली गेली.

कोकणातल्या आंबा बागायतदाराचा विचार करा. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर. मोहोर झोडपणारा अवेळी पाऊस डोंगराच्या या उतारावर पडला आणि केंद्र पलीकडे कोरडं राहिलं, तर? ब्लॉकचेन तो ‘शून्य मिलिमीटर’ इमानेइतबारे जपून ठेवील, कुणालाही खोडता येणार नाही असा! रुग्णालयाच्या बिलाचं तर आणखी अवघड; शस्त्रक्रिया गरजेची होती का, हे सांगायला डॉक्टरच लागतो.

मग हे सगळं फोल का? नाही. केनियात छोट्या शेतकऱ्यांना अशाच पद्धतीच्या पीकविम्याची भरपाई थेट मोबाइलवर, एम-पेसा या तिथल्या मोबाइल-पैशांच्या सेवेतून, मिळाली आहे. रक्कम इतकी लहान, की पाहणीला माणूस पाठवणं भरपाईपेक्षा महाग पडावं. तिथे हे तंत्र शोभतं.

विम्यातली निम्मी भांडणं ‘पैसे कधी देता’ची असतील, तर ती ब्लॉकचेन मिटवील. ‘नुकसान झालंच कुठे’ची उरलेली भांडणं मात्र पर्जन्यमापक बागेजवळ आणल्याशिवाय मिटायची नाहीत.